जमणी बाजू खाली छे

विमान डावीकडे जातं.
असं मी तिसऱ्या रविवारी वहीत लिहिलं,
पहिल्या दोन रविवारांखाली, त्याच शब्दांत.

पादऱ्याच्या पुढे, एरंड आणि तंबाखू यांच्या मधली
पाचशे पावलांची पट्टी.
उडायचा कागद अजून यायचाय.
जमिनीवर पळायला कोण कागद मागतंय, म्हणतात हे.

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं गेली.
लाकूड, कापड, त्यावर रंगाचे सात हात,
आणि शेवटी इंजिन. ते आलं तेव्हा
मी त्याला हळदकुंकू लावलं
आणि यांनी ते लगेच पुसलं,
ऑइलमध्ये जाईल म्हणून.

आता ते पळतं. सरळ नाही.
खुंटीला बांधलेल्या वासरासारखं वळत वळत
एरंडात तोंड घालतं.

शेपटीच्या चाकाची साखळी एक कडी आखडून झाली.
डावा ब्रेक उघडून, फुंकून, परत बसवून झाला.
दोरी ताणली, खडूने रेघ मारली,
पुढची दोन चाकं एकमेकांकडे झुकतात का पाहिलं.
झुकत होती, पण चांगल्या घरातल्यासारखी,
अर्धा अंश, जास्त नाही.
हातांनी ढकललं तर सरळ जातं.
हे आत बसले, इंजिन लावलं, की डावीकडे.

त्यात पेट्रोलचं निराळंच.
दोन्ही टाक्यांत बारा-बारा लिटर,
मी स्वतः मापाने ओतलेलं,
आणि दोन फेऱ्यांनंतर काठी बुडवली तर
उजवीत सात, डावीत पंधरा.
"दोन इंजिनाने प्यायलं, पण डावी वाढली कशी?"
मला हसू आलं.
भाऊबंदांच्या वाटण्या पाहिल्यात मी.
एका ताटातलं दुसऱ्या ताटात जाताना
आवाज होत नाही.

मंगळ पढियार शेत राखतो.
बांधावर उकिडवा बसून सगळं बघतो.
पहिल्याच दिवशी म्हणाला होता,
"काका, जमणी बाजू खाली छे."

हे तेव्हा विमानाच्या पोटाखाली उताणे, दातांत टॉर्च.
चाळीस वर्षं बडोद्यात काढली,
बाजार गुजरातीत, बँक गुजरातीत, भांडणसुद्धा,
पण विमानाखाली शिरलं की माणूस मराठीत विचार करतो.
खाली म्हणजे खाली.
म्हणून यांनी उजव्या पायात
पत्र्याच्या दोन चकत्या घालून तो उचलला.

आणखी डावीकडे.

मंगळने कपाळाला हात लावला
आणि विडी पेटवली, लांब जाऊन, पेट्रोलपासून.

चौथ्या रविवारी लिंबाची सावली
तंबाखूत सरकली होती.
उन्हात वहीचं पान डोळ्यांत घुसायला लागलं.
मी म्हटलं, मी आत बसून लिहिते.
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
उजव्या आसनावर पान्यांचा डबा होता,
तो मांडीवर घेतला. पदर खोचला. पट्टा बांधला.
(माझं वजन इथे लिहिलेलं नाही.)

सरळ गेलं.
पट्टीच्या टोकापर्यंत, खडूच्या रेघेवरून,
एरंडाला न शिवता.
"साखळी!" हे ओरडले. "साखळीचंच होतं ते!"
मी काही बोलले नाही.
फेऱ्या झाल्यावर काठी बुडवली. अकरा. अकरा.

मंगळ बांधावर उभा राहिला होता.
"जोयुं, काकी?" म्हणाला. "हवे खाली नथी."

तेव्हा कळलं.
खाली म्हणजे रिकामी.

यांनाही कळलं असणार.
चकत्या काढताना एरवीसारखी शीळ नव्हती.
स्कूटरवर, अकोट्याच्या पुलावर,
मान न वळवता विचारलं यांनी,
"पुढच्या वेळी वाळूचं पोतं ठेवलं तरी चालेल.
किती किलोचं ठेवू?"

पोत्याला नोंदी लिहिता येत नाहीत, म्हटलं.

मग आम्ही सेव उसळ खायला थांबलो.
डाव्या टाकीच्या नळाशी एक थेंब अजून आहे.
तो मी लिहून ठेवलाय.